चाळीस एकर, एकतीस वारस

निघायच्या आदल्या रात्री आईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून बुटांचा रिकामा खोका काढला. आत मेणकागद अंथरला आणि तळलेल्या कोंबडीचे तुकडे, पाव, दोन उकडलेली अंडी, केकचा एक तुकडा असं सगळं नीट लावून भरलं. मी म्हटलं, "आई, गाडीत खायला मिळतं." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. १९५५ सालीही मिळत होतं. आम्हांला नव्हतं मिळत."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एकोणऐंशी. घरात आणि चर्चमध्ये सगळे त्यांना 'मामा' म्हणतात. माझ्या मराठी जिभेला ते जमेना, म्हणून लग्नानंतर मी सरळ 'आई' म्हणायला लागले. त्यांचा जन्म मिसिसिपी राज्यातल्या होम्स काउंटीतला. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर ड्युरंटच्या स्टेशनावर इलिनॉय सेंट्रलच्या गाडीत बसून त्या शिकागोला आल्या आणि पुन्हा कधी तिकडे गेल्या नाहीत. भावंडं जाऊन आली, कुणाच्या मातीला, कुणाच्या लग्नाला. आई नाही. विचारलं की म्हणायच्या, "माझं तिथे काही राहिलेलं नाही."

राहिलं होतं. टेकडीवर चाळीस एकर जमीन होती आणि तिच्या एका कोपऱ्यात घरची दफनभूमी.

२०२३ च्या उन्हाळ्यात आईंच्या मामेभावाचा फोन आला. नात्यानं माझे मामेसासरे, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. बाकी सगळे शिकागो, डेट्रॉइट, सेंट लुइसला निघून गेले, मामा तिथेच राहिले. इतकी वर्षं जमिनीचा कर ते एकटे भरत होते. आजारपणात एका वर्षाचा राहिला, आणि ऑगस्टमधल्या लिलावात कुणीतरी ती थकबाकी भरून जमिनीवर हक्क लावला. मिसिसिपीत अशी जमीन दोन वर्षांच्या आत थकबाकी आणि व्याज भरून सोडवता येते. त्यातलं एक वर्ष उलटून गेलं होतं.

मी दारव्हा तालुक्यातली, यवतमाळ जिल्हा. सातबारा, फेरफार, वारस नोंद हे शब्द आमच्याकडे पोरं पाढ्यांबरोबरच शिकतात. आजोबा वारले तेव्हा बाबांनी पटवाऱ्याकडे मारलेल्या चकरा मला आठवतात. मीही कितीदा सायकलच्या दांडीवर बसून गेले आहे. म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न हाच होता, "मामा, जमीन कुणाच्या नावावर आहे?" मामा म्हणाले, "आजोबांच्या."

आजोबा १९५२ साली वारले. मृत्युपत्र नव्हतं. त्यांची सात मुलं, त्या सातांची मुलं, मग नातवंडं. नंतर मोजले तेव्हा हयात वारस भरले एकतीस.

तिकडच्या गावांत अशी जमीन ठिकठिकाणी आहे. सगळे मालक, आणि मालकीचा कागद एकाकडेही नाही. बँक उभं करत नाही. वादळात छप्पर उडालं तर सरकारी मदत मागताना घर आपलं आहे हे सिद्ध करता येत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, कुणी परका माणूस एखाद्या दूरच्या वारसाचा इवलासा हिस्सा विकत घेतो आणि कोर्टात वाटप मागतो. जमिनीचे तुकडे पाडता येत नाहीत असं ठरलं की सगळीच्या सगळी विकायला निघते. १९१० च्या सुमारास काळ्या शेतकऱ्यांच्या मालकीची दीड कोटी एकरांहून जास्त जमीन या देशात होती. तिच्यातली बरीचशी पुढे गेली, आणि जाण्याच्या वाटांपैकी ही एक मोठी वाट. आजोबांनी मृत्युपत्र का केलं नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. मामांनी एका वाक्यात उत्तर दिलं: "ज्या कचेरीत आपली जमीन नोंदवायची, तिथेच ती हिरावून घेणारे बसलेले असायचे." मग माणूस काय करतो? पोरांना सांगतो, विकू नका, आणि मरतो. आजोबांनी तेच केलं.

वंशावळ मांडायचं काम माझ्याकडे आलं. नवऱ्याला रुग्णालयातल्या पाळ्यांतून सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते काम हवंच होतं. रोज रात्री जेवणं आटोपली की मी आणि आई टेबलाशी बसायचो. अमेरिकेतली जनगणनेची पानं ७२ वर्षांनी लोकांसाठी खुली होतात. १९५० ची २०२२ च्या एप्रिलमध्ये खुली झाली होती. त्यात आई सापडल्या. मुलगी, वय पाच. खाली धाकटा भाऊ नव्हता. तो आदल्या वर्षीच दोन वर्षांचा होऊन गेला होता. आईंनी त्याच्या नसलेल्या ओळीच्या जागी बोट ठेवलं आणि त्या दिवशी पुढचं काही पाहू दिलं नाही.

मग १९४०, १९३०, १९२०, १९१०, १९००. १८९० ची पानं मिळत नाहीत, १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर बहुतेक सगळी गेली. १८८० मध्ये आजोबा पाच वर्षांचे. आणि १८७० मध्ये आजोबांची आजी, म्हणजे आईंची खापरपणजी. वय चाळीस, शेतमजूर, जन्म व्हर्जिनिया. 'वाचता येत नाही' आणि 'लिहिता येत नाही' या दोन्ही रकान्यांत खूण. तिचं नाव इथे लिहीत नाही. आई म्हणाल्या, ते घरचं आहे, घरात राहू दे.

१८७० च्या मागे जायला वाट नाही. त्याआधी गुलाम म्हणून जगलेल्या बहुतेक माणसांची नावं जनगणनेत आलेलीच नाहीत. १८५० आणि १८६० साली गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या होत्या, त्यांत वर मालकाचं नाव आणि खाली नुसत्या ओळी: वय, बाई की पुरुष, काळा की मिश्र. होम्स काउंटीच्या १८६० च्या यादीत तीस वर्षांच्या काळ्या बायका मी मोजायला लागले आणि काही पानांनंतर मोजणं सोडलं. त्यातली आमची कोणती, हे कोण सांगणार? व्हर्जिनियातून इथवर ती पायी आली असेल. कापसाच्या राज्यांना माणसं हवी होती तेव्हा व्हर्जिनिया-मेरीलँडकडून लाखो लोकांना साखळ्यांत बांधून चालवत दक्षिणेकडे आणून विकलं गेलं. आणताना तिची मुलं बरोबर आणू दिली का? १८७० च्या पानावर तिच्या घरात चार मुलं आहेत, चौघांचा जन्म मिसिसिपीतला.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगत होते. बाबा निवृत्त शाळामास्तर. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "त्यानंतर तीनच वर्सानं, १८७३ साली, जोतीरावानं 'गुलामगिरी' लिहिली. अमेरिकेत गुलामाईले सोडवनाऱ्या लोकाईले अर्पन केली हाये थे. तुह्या सासूची खापरपणजी तवा जिती असन पाय." शाळेत आम्ही ती अर्पणपत्रिका पाठ केली होती. ती कुणाबद्दल होती हे मला त्या रात्री, शिकागोतल्या स्वयंपाकघरात, त्या दोन खुणांकडे पाहताना कळलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो. विमानानं जाऊ म्हटलं तर आईंनी ऐकलं नाही. गाडीनं आले, गाडीनंच जाईन. 'सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स' रात्री आठच्या सुमारास शिकागोहून सुटते आणि सकाळी नऊच्या सुमारास ग्रीनवुडला पोचते. ड्युरंटला ती आता जात नाही. १९९५ मध्ये गाडीचा मार्ग बदलला.

रात्री तीन वाजले असतील. केरो गावाजवळ ओहायो नदीचा पूल लागला तेव्हा मला जाग आली. आई जाग्याच होत्या. म्हणाल्या, "येताना इथवर आम्ही काळ्यांच्या डब्यात होतो. पूल ओलांडला तसं वडिलांनी आम्हां सगळ्यांना झोपेतून उठवलं आणि पलीकडच्या डब्यात नेऊन बसवलं. जागा काही जास्त चांगली नव्हती. तिथे बसता येतं, म्हणून बसलो."

मग अंधारातच त्यांनी मला निघण्याचं कारण सांगितलं. माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, तोवर कधी सांगितलं नव्हतं. ऑगस्ट १९५५ मध्ये एमेट टिल हा शिकागोचा चौदा वर्षांचा मुलगा ग्रीनवुडजवळच्या मनी या खेड्यात नातेवाइकांकडे आला होता. एका गोऱ्या दुकानदारणीशी गैर वागल्याचा आरोप ठेवून त्याला रात्री घरातून उचलून नेऊन मारलं आणि टॅलाहॅची नदीत टाकलं. ज्यांनी मारलं ते सप्टेंबरात निर्दोष सुटले. ज्युरीतल्या पंचांना निकाल द्यायला तासाभराहून थोडाच जास्त वेळ लागला. आईंचा थोरला भाऊ तेव्हा चौदाचाच होता. आईंच्या आईनं निकाल ऐकला आणि ऑक्टोबरमध्ये घर सोडलं. आईंचे वडील खालच्या सपाटीवर दुसऱ्याची जमीन अर्धेलीनं करायचे. वर्षाचा हिशेब मालक डिसेंबरात करायचा. वेचणी निम्म्यावर आलेली होती. हिशेबाची वाट न पाहता ते निघाले.

ग्रीनवुडला मामांचा मुलगा गाडी घेऊन आला होता. गावात २०२२ पासून एमेट टिलचा पुतळा उभा आहे. तिथे गाडी थांबवली. आई उतरल्या नाहीत. काच खाली करून पाहत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "टोपी बरोबर घातली आहे त्याला."

ग्रीनवुडहून दक्षिणेला जाणारा रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर सपाट काळपट जमीन आणि तीवर फुटलेला कापूस. बारा वर्षांनी मी उभी पऱ्हाटी पाहिली आणि माझ्या पोटात कालवलं. पण पानं नव्हती. वेचणीआधी औषध फवारून पानं गाळून टाकतात, म्हणजे यंत्राला फक्त बोंडं मिळतात. मधूनमधून शेताच्या कडेला पिवळ्या आणि गुलाबी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे प्रचंड गोल गठ्ठे. माणूस एकही नाही. मैलभर शेतात एक यंत्र फिरत होतं.

आई म्हणाल्या, "थांबव."

त्या उतरून चरात पाय सांभाळत पहिल्या ओळीपाशी गेल्या. एक बोंड धरलं, तीन बोटांनी आतला कापूस एका ओढीत बाहेर काढला. कवडीचं टोक बोटाला लागलं नाही. अडुसष्ट वर्षांनी. मीही शेजारच्या झाडाचं काढलं. माझ्या हाताची ओढ पाहून त्या हसल्या. "तू वरून खाली ओढतेस." आमच्याकडे कमरेला ओटी बांधतात, कापूस तिच्यात टाकत जातात. त्यांच्याकडे खांद्याला अडकवलेली नऊ फुटांची पिशवी मागे फरफटत न्यायची, त्यामुळे हात मागे जातो. सहा वर्षांच्या असताना आईंना आजीनं पिठाच्या पोत्याची छोटी पिशवी शिवून दिली होती. मी आमच्या गावच्या सरपंचांच्या शेतात दिवाळीच्या सुट्ट्यांत किलोवर वेचायला जायचे, वह्यांच्या पैशांसाठी. आम्ही दोघी एकमेकींना हे कधीच बोललो नव्हतो. एका घरात एकवीस वर्षं राहून.

(अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झालं, इथला कापूस बंदरांतच अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा आलेला सोन्याचा भाव आमच्या शाळेत शिकवायचे. भाव का आला हे एका ओळीत उरकायचे.)

पुढे चूला नावाचं गाव लागलं. मी पाटी वाचून दचकले. उच्चार थेट आपल्या चुलीचाच. चूलाच्या पलीकडे रस्ता पूर्वेला वळतो आणि एकदम टेकड्या सुरू होतात. झाडांवर, खांबांवर, पडक्या घरांवर सगळीकडे कुडझूची वेल. जपानमधून आणलेली, आणि १९३० च्या दशकात मातीची धूप थांबावी म्हणून सरकारनंच लावायला लावलेली. आपल्याकडे गाजरगवत, तिकडे हे.

लेक्सिंग्टन हे काउंटीचं मुख्य गाव. चौकाच्या मधोमध कोर्ट. मामा तिथे काठी टेकून उभे होते, टाय लावून. कोर्टात जायचं म्हणून. आईंनी आणि त्यांनी एकमेकांना धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

पायऱ्या चढण्याआधी मामांनी मला थांबवलं. एप्रिल १९६३ मध्ये याच कोर्टात काळे शेतकरी मतदार म्हणून नाव नोंदवायला आले होते. चौदा जण. पोलिसानं कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवून विचारलं, पहिला कोण? हार्टमन टर्नबो पुढे झाले. महिन्याभरात त्यांच्या घरावर आगीचे बॉम्ब पडले, आणि स्वतःचं घर स्वतःच पेटवलं म्हणून अटकही त्यांनाच झाली. टर्नबो माइल्स्टनचे. तिथे १९४० च्या सुमारास सरकारनं मोठ्या मळ्यांची जमीन विकत घेऊन काळ्या कुळांना हप्त्यांवर दिली होती. मामा म्हणाले, "हे चौदा आले ते शूर होतेच. पण त्यांना कुणी मळ्यावरून हाकलू शकत नव्हतं. जमीन त्यांची होती." पुढे १९६७ मध्ये याच काउंटीतून रॉबर्ट क्लार्क राज्याच्या विधिमंडळात गेले, विसाव्या शतकातले मिसिसिपीतले पहिले काळे आमदार.

मामांनी हे सगळं पायऱ्यांशी उभं राहून, वर न चढता सांगितलं. मग म्हणाले, "चला, कर भरू."

कर भरायला वीस मिनिटं लागली. खिडकीमागच्या तरुण मुलीनं, ती काळीच होती, नाव शोधलं, आकडा सांगितला, व्याजासकट. आम्ही तिघांनी मिळून पैसे नेले होते. पावतीवर नाव मात्र आजोबांचंच छापून आलं, ७१ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं. आईंनी पावती दोनदा वाचून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

नंतरचे दोन दिवस दस्तांच्या खोलीत. ही खोली मला पहिल्या तासातच आपली वाटायला लागली. उंच उतरत्या टेबलांवर एकेक वही इतकी जड की दोन्ही हातांनी ओढायची. गट नंबर नसतो. सगळा मुलूख मैलभराच्या चौकोनांत आखलेला, एक चौकोन ६४० एकरांचा. त्याचा चतुर्थांश १६०, आणि त्या चतुर्थांशाचा चतुर्थांश म्हणजे चाळीस. 'नैर्ऋत्य चतुर्थांशाचा ईशान्य चतुर्थांश' असं लिहिलेलं असतं. एकदा ते डोक्यात बसलं की बोट ठेवून कुठल्याही तुकड्याचा इतिहास काढता येतो. मी काढत गेले. चौथ्या वहीत खरेदीखत सापडलं: जानेवारी १९०१, चाळीस एकर, आजोबांचं पूर्ण नाव.

तेव्हा आजोबा सव्वीस वर्षांचे. गुलामीतून सुटलेल्या आजीच्या घरात वाढलेला नातू.

त्याच माणसाच्या नावानं आणखी एक कागद निघाला, १९११ चं गहाणखत. कर्जाला तारण काय, तर 'या वर्षीचं सगळं पीक, एक गाय, आणि केट नावाचं तपकिरी खेचर, वय आठ'. मी ते वाचून दाखवलं आणि आई एकदम उठून खिडकीशी गेल्या. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "खेचराचं नाव लिहिलं त्यांनी." १८६० ची यादी आम्ही दोघींनी एकत्र पाहिली होती. त्यावर मी काय बोलणार होते?

समासात आडवं लिहिलं होतं, कर्ज पूर्ण फिटलं, १९१४. ती वर्षं बोंड खाणाऱ्या सोंडकिड्याची. तो १९०७ मध्ये मिसिसिपीत शिरला आणि पुढच्या काही वर्षांत त्यानं शेतंच्या शेतं बसवली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या बाबांची चार एकर पऱ्हाटी अशीच नेली, म्हणून त्या '१९१४' ची किंमत मला कळते. तीन वर्षांत, किडीच्या दिवसांत, खेचर गहाण टाकून, जमीन राखून त्या माणसानं पै न् पै फेडली होती.

तिसऱ्या दिवशी जमिनीवर गेलो. आईंची एकच अट होती, अंधार पडायच्या आत मुक्कामी परत यायचं. मामांच्या मुलानं गमबूट आणले होते. मळवाट कुठे होती ते फक्त मामांना माहीत. काठीनं गवत बडवत, सापांना सूचना देत ते पुढे, मागे आम्ही. घर केव्हाच पडलं. दगडी चुलाणं तेवढं उभं आहे. आईंनी चुलाण्यापासून पावलं मोजली आणि एका जागी थांबल्या. "इथे अंगण. आजी रोज सकाळी झाडायची. गवताचं एक पातं ठेवायची नाही, नुसती माती, आणि झाडूच्या रेघा." मी विचारलं, कशानं झाडायची? "रानातल्या काटक्या बांधून." आमच्या आजीचा तुराट्यांचा खराटा माझ्या डोळ्यांपुढे आला. अंगण झाडून झाल्यावर त्यावर कुणी पाय दिला की ती ओरडायची. आईंची आजीही ओरडायची म्हणे.

दफनभूमी सिडारच्या झाडांखाली आहे. लांबून काही दिसत नाही. जवळ गेलं की जमिनीत लांबट खळगे दिसायला लागतात, सगळे पूर्व-पश्चिम. चार-पाच कबरींना घरी ओतलेले सिमेंटचे दगड, ओल्या सिमेंटवर खिळ्यानं नावं कोरलेली, काही अक्षरं उलटी. आजोबांचा दगड पडला होता, तो उभा केला. बशीचे तुकडे, दिव्याची फुटकी काच, एक शिंपला. मेलेल्या माणसानं शेवटचं वापरलेलं भांडं कबरीवर ठेवायची तिकडे रीत होती.

आई धाकट्या भावाला शोधत होत्या. १९४९ मध्ये पुरलं तेव्हा त्यांच्या आईनं उशाशी औषधाची एक निळी बाटली तोंड खाली करून रोवली होती. आम्ही तासभर हातांनी पाला बाजूला केला. बाटली मिळाली नाही. दोन सिडारांच्या मध्ये एक आखूड खळगा आहे, हातभर लांबीचा. मामा म्हणाले, "फेब्रुवारीत इथे पिवळे डॅफोडिल येतात. तुझ्या आईनं लावले असतील." आई म्हणाल्या, "तिनंच लावले." आणि खाली बसून त्यांनी त्या खळग्यातला पाला हातानं काढला, माती दिसेपर्यंत. मी काटक्या गोळा करून मोळी बांधली आणि आम्ही दोघींनी तेवढी जागा झाडून घेतली.

रविवारी चर्चला गेलो. प्रार्थनेनंतर मागच्या अंगणात जेवण, भेंडी, चवळी, रताळी, मक्याची भाकरी म्हणावी तसा पाव. भेंडी आणि चवळी आफ्रिकेतून या लोकांबरोबरच इथे आली. जेवताना एक एक्याण्णव वर्षांच्या आजी आईंच्या शेजारी येऊन बसल्या आणि हनुवटी धरून म्हणाल्या, "तू तिसरीची दुसरी." आजोबांच्या तिसऱ्या मुलीची दुसरी मुलगी. मग विचारलं नसताना त्यांनी आजोबांच्या सातही मुलांची नावं वडील-धाकटेपणानं सांगितली, कोण कुठे गेलं, कुणाचं लग्न कुणाशी. मी पानामागे पान लिहीत होते. वारस सिद्ध करायला कोर्टात असंच माणूस लागतं: घराण्याची माहिती असलेलं आणि स्वतःचा हिस्सा नसलेलं. आजी प्रतिज्ञापत्रावर सही करायला तयार झाल्या. वकिलानं सोमवारीच कागद करायला घेतले. एक्याण्णवाव्या वर्षी आठवड्यांचा भरवसा धरता येत नाही.

यादी करताना एका गोष्टीनं मला टोचलं. यात बायका आहेत. आत्या, आत्यांच्या मुली, त्यांच्या मुली, सगळ्या, हिश्शासकट. आमच्याकडे आजोबांच्या वेळी तीन आत्यांनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. कुणी जबरदस्ती केली नाही. चहा झाला, साड्या दिल्या, सह्या झाल्या. मीही माझ्या वाट्याचा विचार कधी केला नव्हता. लेक्सिंग्टनमध्ये एकतीस नावांचा तक्ता आखताना माझ्या थोरल्या आत्याचा अंगठा मला सारखा आठवत होता.

परतीची गाडी ग्रीनवुडहून संध्याकाळी साडेसातनंतर. बसलो, अंधार पडला होता. आई काही बोलल्या नाहीत. शिकागोहून आणलेल्या त्याच खोक्यात चर्चमधल्या बायकांनी पाव आणि रताळ्याचा गोड 'पाय' (pie) भरून दिला होता, आणि पावाखाली वर्तमानपत्राच्या पुडीत जमिनीवरची मूठभर माती.

यवतमाळला पहाट झाली असेल म्हणून बाबांना फोन लावला. ते उठलेलेच होते.

"माती कशी हाये तिकडची?"

"खाली काळी, आपल्यासारखी. आजोबांची टेकडीवर, भुरी."

"अन् काम? नाव चढलं काय?"

"नाही बाबा. जमीन सुटली. नाव चढायला वेळ लागेल, एकोणीस जणांच्या सह्या मिळतील असं दिसतं. बारा जण बाकी आहेत, दोघांचा पत्ताच नाही."

आईंनी विचारलं, "काय म्हणतात?" मी सांगितलं, नाव लागलं का विचारतात.

"सांग त्यांना, एक नाही, एकतीस लावायची आहेत," आई म्हणाल्या. मग चष्मा लावून पर्समधली वही काढली आणि डेट्रॉइटच्या भाच्याचा नंबर मला वाचून दाखवायला लागल्या.